संगणकाचा ठोका आणि त्याची मर्यादा



संगणक या यंत्रावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने होतात, आणि या यंत्रामुळे समाजाचे पुढे काय होणार, या प्रश्नाभोवती ती बहुधा फिरतात. आज आम्ही त्या मोठ्या प्रश्नाला हात घालणार नाही. आमचा विषय लहान आहे, पण आमच्या मते तो नीट समजून घेण्यासारखा आहे. टेबलावरच्या संगणकाच्या पेटीत जो प्रोसेसर असतो आणि त्याच्या शेजारी मेमरीच्या ज्या पट्ट्या खोचलेल्या असतात, त्यांचा वेग कारखान्याने ठरवून दिलेला असतो. तो वेग ओलांडून यंत्र चालविता येते काय, येत असल्यास कशाच्या बळावर, आणि त्याची किंमत कोण भरतो, एवढेच आपण पाहावयाचे आहे. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आमची तरुण मंडळी हाच शब्द वापरतात आणि आम्हीही तोच वापरू. मराठी प्रतिशब्द घडविण्याचा मोह आज आवरलेला बरा.

हा केवळ हौशी पोरांचा खेळ आहे, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. तर त्यांना एवढेच सांगतो की, ज्यांनी अलीकडे सुटे भाग निवडून संगणक जोडून घेतला आहे, अशा अनेक गृहस्थांच्या घरी हा प्रकार त्यांच्या नकळत चालू असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम 'ठोका' म्हणजे काय ते पाहू. लहान गावात घराचा स्लॅब पडतो त्या दिवशीचे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. कालविलेल्या काँक्रिटची घमेली खालून वरपर्यंत हातोहात जातात. समजा, मुकादम ताल धरून 'हं, हं' असे म्हणतो, आणि प्रत्येक हुंकारासरशी प्रत्येक घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आता हा ताल किती जलद धरता येईल? साखळीतले सगळे गडी सारखे नसतात. कोणाला नुसते वळून घमेले द्यावयाचे असते, तर कोणाला परातीच्या फळीवरून डोक्याइतके उंच उचलावयाचे असते. ज्याची उचल सर्वांत लांब, त्याचे काम पुरे होण्याआधी जर पुढचा हुंकार आला, तर घमेले अर्ध्यावर राहील किंवा सांडेल. म्हणून साऱ्या साखळीचा ताल त्या एका गड्याच्या उचलीवरून ठरतो.

प्रोसेसरमध्ये नेमके हेच चालते. त्याच्या पोटात विजेच्या सूक्ष्म झडपा असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. एक झडप उघडली की तिच्या पुढच्या तारेत विजेचा भार भरावा लागतो, तो पुरेसा भरला की पुढची झडप हलते. याला वेळ लागतो. अत्यंत थोडा, पण लागतो. अशा अनेक झडपा ओलांडून उत्तर एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पोचते, आणि तेवढ्यात पुढचा ठोका पडतो. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. आजचा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये प्रकाशसुद्धा सुमारे पावणेसात सेंटिमीटरच जातो. एवढ्या अवधीत सर्वांत लांबच्या वाटेवरचे उत्तर मुक्कामी पोचलेच पाहिजे. ते पोचले नाही तर यंत्र थांबत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. मुक्कामावर त्या क्षणी जे असेल, चूक वा बरोबर, तेच उचलून ते पुढे जाते. आमच्या आजच्या विवेचनाचा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

मग कारखाना वेग ठरवितो तरी कसा? येथे आंब्यांच्या आढीची आठवण होते. एकाच झाडाचे आंबे, पण हाताळून निवडल्यावर त्यांचे तीन भाव होतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापून निघतात, तेही सारखे निघत नाहीत. रेषांची जाडी, मिसळलेल्या द्रव्यांचे प्रमाण यांत केसाच्या हजारो हिश्श्यांइतका फरक पडतो आणि कोणी चपळ तर कोणी मंद होतो. कारखाना प्रत्येकाची परीक्षा घेतो, आणि ती सुखाच्या स्थितीत घेत नाही. यंत्र तापलेले असेल, वीज किंचित कमी मिळत असेल, काही वर्षे वापरून झडपा थकलेल्या असतील, तरीही तो वेग टिकला पाहिजे, अशा हिशेबाने आकडा ठरतो. म्हणजे हा आकडा यंत्राची ताकद सांगत नसून कारखान्याचे वचन सांगतो. ताकद वचनापेक्षा थोडी अधिक असतेच. या दोहोंतील अंतर हेच ओव्हरक्लॉकिंग करणाराचे भांडवल.

कधी कधी हे अंतर फार मोठे असते आणि त्याचे कारण विज्ञानात नसून बाजारात असते. याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण १९९८ सालचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे.

त्या वर्षी इंटेल कंपनीला स्वस्त संगणकांच्या बाजारात प्रतिस्पर्ध्यांनी गाठले होते. तिने एप्रिलमध्ये सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. पण त्यात कॅश, म्हणजे हाताशी ठेवण्याची जलद मेमरी, दुसऱ्या पातळीची मुळीच नव्हती, आणि लोकांनी त्याची थट्टा केली. कंपनीने चूक सुधारली. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००-ए या प्रोसेसरात १२८ किलोबाइट कॅश त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसविलेली होती आणि ती प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालत असे. त्याच दिवसांत कंपनीचा उंची माल म्हणजे ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-दोन. त्याची कॅश ५१२ किलोबाइट, म्हणजे चौपट. पण ती वेगळ्या तुकड्यांवर असून निम्म्या वेगाने चाले. हजारांच्या घाऊक खरेदीत सेलेरॉनचा भाव १४९ डॉलर, पेंटियमचा ६६९ डॉलर.

आता गंमत अशी. प्रोसेसरचा वेग हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. मदरबोर्डावरून येणारा मूळ ठोका, आणि त्याला प्रोसेसरने आत लावलेला गुणक. सेलेरॉनचा गुणक साडेचार आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झच्या वर थोडा, गुणाकार ३००. हा गुणक कंपनीने कुलूप लावून ठेवला होता. त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. काही लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा घासून काढीत, वर मोठा आकडा छापीत आणि तो महाग विकत. गिऱ्हाइकाला पत्ताच नसे. या भामटेगिरीला आळा घालावा, हा कुलपाचा एक हेतू होता. आपलाच स्वस्त माल आपल्या महाग मालाच्या आड येऊ नये, हा दुसरा हेतू नव्हता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गुणकाला कुलूप होते, पण मूळ ठोका मदरबोर्डाच्या हाती होता, आणि महाग पेंटियमसाठी बनविलेले नवे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठोका देत असत. साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५०! ज्याला सेटिंग बदलता येत नसे त्याने प्रोसेसरच्या कडेवरचा बी-२१ या क्रमांकाचा संपर्क चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकला तरी काम भागे. बोर्डाला वाटे की हा शंभराचाच गडी आहे. अ‍ॅबिट कंपनीच्या बीएच-६ या मदरबोर्डात तर ठोका आणि व्होल्टेज दोन्ही पडद्यावरच्या यादीतून बदलता येत, म्हणून तो या मंडळींत फार गाजला.

यांपैकी पुष्कळ सेलेरॉन खरोखरीच ४५० वर चालले, सगळे नव्हेत. आणि पूर्ण वेगाच्या लहान कॅशमुळे बऱ्याच कामांत ते चौपट किमतीच्या पेंटियमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यात जादू नव्हती. कारखान्याची ती उत्पादनपद्धती तोवर चांगली मुरली होती, माल एकसारखा चांगला निघत होता. परंतु बाजाराला स्वस्त माल हवा होता म्हणून चांगल्या आंब्यांवरही हलक्या भावाची चिठ्ठी लागत होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी सुटे भाग घेऊन संगणक जोडण्याची चाल त्या दशकात रुळली होती, तेव्हा असल्या गोष्टींची चर्चा आपल्याकडेही का व्हावी हे सांगावयास नको.

पण याच कथेत एक खाच होती, आणि ती शिकण्यासारखी आहे. कित्येकांना वाटे, ४५० फार झाले, आपण मधला मार्ग धरावा. मूळ ठोका ८३ ठेवून सुमारे ३७५ वर चालवावे. दिसावयास हा शहाणपणा. वस्तुतः तो अधिक धोक्याचा होता. कारण मूळ ठोक्यावर एकटा प्रोसेसर चालत नसे. त्याचाच भाग करून पीसीआय नावाच्या मार्गाला ठोका मिळे, आणि त्या मार्गावर हार्ड डिस्कचा कारभार होता. या मार्गाचा नियत वेग ३३ मेगाहर्ट्झ. मूळ ठोका ६६ असताना त्याचा निम्मा घेत, १०० असताना तिसरा हिस्सा घेत. दोन्ही वेळा ३३ च येत. ८३ ला मात्र सामान्यतः निम्माच घेतला जाई आणि तो साडेएकेचाळीस होई. म्हणजे प्रोसेसर बिचारा सुखात, आणि डिस्कवर लिहिलेला मजकूर संकटात! साखळीतल्या एकाचा ताल बदलला की आणखी कोणाकोणाचा बदलतो, हे न पाहता आकडा फिरविणे म्हणजे काय, याचे एवढे बोलके उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

आता व्होल्टेज आणि उष्णता यांकडे वळू. ठोका वाढविला आणि यंत्र अडखळू लागले, की हौशी माणूस व्होल्टेज वाढवितो. विजेचा दाब वाढला की तारा लवकर भरतात, झडपा लवकर हलतात. घमेलेवाल्या गड्याला जणू गूळ-पाणी मिळाले. परंतु याची किंमत चढी आहे. प्रोसेसरची काम करतानाची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉनचेच घ्या. ३०० चा ४५० केला की उष्णता दीडपट. त्यासाठी २ व्होल्टचे २.२ केले, तर त्या दहा टक्क्यांचे वर्ग करून एकवीस टक्के होतात, आणि एकंदर उष्णता सुमारे १.८ पट. शिवाय झडपा अगदी पूर्ण बंद कधीच नसतात; त्यांतून थोडी वीज झिरपत असते आणि सिलिकॉन तापले की हे झिरपणेही वाढते. म्हणजे उष्णतेने उष्णता वाढते.

आपल्या हवामानात हा हिशेब आणखी कडक होतो. पंखा आणि धातूच्या पात्यांचा थंडावा हा खोलीतील हवेच्या मानाने असतो. समजा, एखादा कूलर दर वॅटमागे ०.४ अंश चढू देतो आणि प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकतो. तर प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम राहील. खोली २० अंशांची असेल तर तो ६० वर सुखात आहे. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्याच्या दुपारी खोलीच ४२ अंशांची झाली, तर तो ८२ वर गेला, आणि यात आम्ही ठोका वा व्होल्टेज काहीच वाढविलेले नाही. थंड देशांतील मंडळींनी लिहून ठेवलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नयेत, ते यासाठी.

उष्णता घालविण्यासाठी काही लोक द्रवरूप नायट्रोजन ओततात, ते उणे १९६ अंशांचे असते. काही तर द्रव हेलियमपर्यंत जातात. २०११ मध्ये एएमडी कंपनीच्या एफएक्स जातीच्या प्रोसेसरने अशाच रीतीने ८.४२९ गिगाहर्ट्झचा विक्रम केला, आणि २०२२ अखेर ९ गिगाहर्ट्झची रेघही ओलांडली गेली. ही कामगिरी कौतुकाची खरी, पण २०११ च्या त्या विक्रमात आठ गाभ्यांपैकी दोनच जागे ठेवले होते. कुस्तीचा आखाडा वेगळा आणि शेतातली नांगरणी वेगळी. आम्ही नांगरणीविषयी बोलत आहोत.

मेमरीचा प्रश्न निराळा आहे, आणि आमच्या मते प्रोसेसरपेक्षा तोच अधिक नाजूक आहे. मेमरीच्या पट्टीवर कोट्यवधी कप्पे असतात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक झडप आणि विजेचा एक इवलासा घडा. घडा भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत शोधून काढली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. पण हे घडे गळके असतात. म्हणून साधारणतः ६४ मिलिसेकंदांत एकदा, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक घडा वाचून पुन्हा भरावा लागतो. उन्हाने तापलेल्या पेटीत तो आणखी लवकर गळतो. घड्यातला भार इतका थोडा की तो मोजणारा भाग एखाद्या सोनाराच्या काट्यासारखा असतो, आणि काटा स्थिर व्हावयास वेळ द्यावाच लागतो.

यामुळे मेमरीला एक वेग नसून दोन असतात. एक, माल वाहण्याचा वेग. दुसरा, मागणी केल्यापासून पहिला नग हाती पडेपर्यंतचा विलंब. वखारीतून रस्त्यावर गाड्या किती धावतात हा एक प्रश्न, आणि वखारवाला पोते शोधून काढावयास किती वेळ घेतो हा दुसरा. दुकानदार आपल्याला पहिला आकडा मोठ्याने सांगतो. दुसरा आकडा पट्टीवर बारीक अक्षरांत असतो, सीएल १६, सीएल ३० असा, आणि तो वेळात नसून ठोक्यांत मोजलेला असतो. त्याचे वेळात रूपांतर करून पाहिले म्हणजे मौज दिसते. ४०० च्या जुन्या डीडीआर पट्टीचा सीएल २ धरला तर विलंब १० नॅनोसेकंद. ३२०० च्या डीडीआर-४ पट्टीचा सीएल १६ धरला तर विलंब १० नॅनोसेकंद. ६००० च्या डीडीआर-५ पट्टीचा सीएल ३०. विलंब पुन्हा १० नॅनोसेकंद! रस्ते पंधरापट रुंद झाले, पण वखारवाल्याची चाल जवळजवळ तीच राहिली, कारण गळक्या घड्याचा स्वभाव बदललेला नाही. तेव्हा सहा हजारांची मेमरी घेतली म्हणजे सारी कामे त्या पटीत जलद होतील, या समजुतीत कोणी राहू नये.

आणि येथेच तो नकळत चालणारा प्रकार येतो. खोक्यावर ३६०० असे छापलेली डीडीआर-४ पट्टी विकत आणून खोचली, तर ती बहुधा २१३३ किंवा २४०० वर सुरू होते. तिचा छापील वेग हवा असेल तर मदरबोर्डाच्या यादीत जाऊन 'एक्सएमपी' नावाचा पर्याय निवडावा लागतो. ही सोय इंटेलने २००७ साली आणली. एएमडीने २०२२ साली 'एक्स्पो' या नावाने आपली आणली. तो पर्याय निवडला की ठोका चढतो आणि मेमरीचे व्होल्टेजही प्रमाण १.२ वरून बहुधा १.३५ होते. पट्टी विकणारा म्हणतो, हा माझ्या मालाचा जाहीर वेग आहे. प्रोसेसर विकणारा म्हणतो, माझ्या हिशेबी हे ओव्हरक्लॉकिंग आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि गिऱ्हाईक मध्ये उभे असते. कित्येक गृहस्थ पैसे ३६०० चे देतात आणि वर्षानुवर्षे २१३३ वर चालवितात. कित्येकांना जोडून देणाऱ्याने पर्याय लावून दिलेला असतो आणि त्यांना त्याची वार्ताही नसते.

हा पर्याय निरुपद्रवी आहे असे सरसकट मानले जाते, आणि बहुधा तो तसा असतोही. परंतु एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही नवे रायझन प्रोसेसर मदरबोर्डावर बसल्या जागी जळाले. मेमरीचा वाढीव वेग चालू केला की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला आपणहून जास्त व्होल्टेज देत, असे आढळले. तेव्हा त्या भागाच्या व्होल्टेजला १.३ ची कमाल मर्यादा घालण्यात आली. वापरणाराने व्होल्टेजला हात लावला नव्हता. त्याने फक्त एक पर्याय निवडला होता.

जळणे तरी बरे, ते दिसते. न दिसणारी चूक फार वाईट. २००५ साली मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी एक हकीकत लिहिली. विंडोज कोसळल्याच्या ज्या नोंदी कंपनीकडे येतात, त्यांत काहींचा अर्थ लागेना; कारण ज्या आज्ञेवर यंत्र कोसळले ती आज्ञा चुकणेच शक्य नव्हते. प्रोसेसरच्या पोटातला एक खण शून्य करावयाचा, एवढीच ती आज्ञा. तिला मेमरी लागत नाही, काही लागत नाही. पाटी पुसावयास सांगितली आणि पाटी पुसणारा पाय घसरून पडला, असा प्रकार! चौकशी केली तेव्हा ते संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. आणि सर्वांत विशेष म्हणजे काही मालकांना हा शब्दच ठाऊक नव्हता; दुकानदाराने स्वस्त प्रोसेसर चढ्या ठोक्यावर लावून त्यांना महाग म्हणून विकला होता.

२०११ साली त्याच कंपनीच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत प्रोसेसरच्या दोषाने कोसळण्याचे प्रमाण एका कंपनीच्या मालात सुमारे वीसपट आणि दुसरीच्या मालात चौपटीहून अधिक आढळले. आम्हाला त्यातील उलट बाजूचा निष्कर्ष अधिक उद्बोधक वाटतो. जी यंत्रे छापील वेगापेक्षा किंचित कमी ठोक्यावर चालत होती, ती छापील वेगावरच्या यंत्रांहूनही पुष्कळ भरवशाची ठरली. म्हणजे ज्याला आपण वचन म्हटले, त्या आकड्याच्या खालीसुद्धा चूक अगदी शून्य नसते. ती फक्त विरळ असते.

मग ती पकडावी कशी? येथे एक सुंदर योगायोग आहे. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा एक सामुदायिक उपक्रम सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपल्या रिकाम्या संगणकांवर एकेक संख्या तपासावयाची. एका संख्येचा हिशेब त्या काळी आठवडेच्या आठवडे चाले, आणि त्यात कोट्यवधी पायऱ्यांपैकी एका पायरीवर एक अंक चुकला तरी अखेरचे उत्तर फुकट. म्हणून अनेक वर्षे प्रत्येक संख्या दोन निरनिराळ्या संगणकांवर तपासून उत्तरे ताडून पाहण्याची रीत होती. या कामासाठी लिहिलेल्या प्राइम-९५ या प्रोग्रॅममध्ये यंत्राची परीक्षा घेण्याचीही सोय होती. तो ठरावीक हिशेब करतो, आधी ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडतो आणि फरक पडताच ओरडतो. मूळसंख्यांशी काडीचा संबंध नसलेल्या ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी हा प्रोग्रॅम कसोटीचा दगड म्हणून उचलला. मेमरीसाठी मेमटेस्ट-८६ हा प्रोग्रॅम तेच काम करतो. प्रत्येक कप्प्यात नाना तऱ्हेचे नमुने लिहितो आणि परत वाचून पाहतो. कारखान्याने घेतलेली परीक्षा एकदा आपण रद्द ठरविली, की दुसरी परीक्षा घेण्याचे काम आपल्याकडे येते. पुष्कळजण ठोका वाढवितात आणि संगणक सुरू झाला, खेळ चालला, म्हणजे झाले असे समजतात. ती परीक्षा नव्हे.

गेल्या वीस वर्षांत या साऱ्या खटाटोपाचा पाया मात्र बदलला आहे. १९९८ ते २००२ या चार वर्षांत बाजारातील प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झवरून ३ गिगाहर्ट्झवर, म्हणजे दहापट गेले. झडपा लहान केल्या की व्होल्टेजही उतरविता येत असे, म्हणून ही उडी पेलली. पुढे व्होल्टेज उतरेनासे झाले. २००४ अखेर पेंटियम-चार ३.८ वर पोचला आणि तेथेच ती वाट संपली. २०२३ च्या जानेवारीत इंटेलने ६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर विकावयास काढला. एवढे अंतर कापावयास अठरा वर्षे लागली. वेग मिळेना तेव्हा कारखान्यांनी राखून ठेवलेल्या अंतरालाच हात घातला. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर तापमान व विजेचा अंदाज घेऊन आपला ठोका आपणच वर-खाली करतात. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आता कारखान्यातच होते, आणि हौशी माणसासाठी ताटात शिल्लक उरते ती फार थोडी.

यात कारखाना स्वतःही कधी चुकतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांबद्दल २०२३-२४ मध्ये तक्रारी वाढल्या. खेळ मधेच बंद पडत, आणि पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा संदेश येई, जरी ती भरपूर शिल्लक असे. २०२४ मध्ये कंपनीने कारण जाहीर केले. चढ्या व्होल्टेजने आणि उष्णतेने गाभ्यातील जो भाग अकाली थकत होता, तो ठोका वाटून देणाऱ्या वाहिन्यांचाच होता. गडी दमले नव्हते. मुकादमाचा घसा बसला होता. कंपनीने प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीत दुरुस्ती केली आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. पण ज्यांचे नुकसान आधीच झाले होते ते प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होण्यासारखे नव्हते.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर ते असे. ज्या संगणकावर मुलगा खेळ खेळतो, त्यावर त्याने ठोक्याशी झटापट खुशाल करावी. यंत्राच्या पोटात काय चालते हे त्यातून जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही. परंतु ज्या संगणकावर पतपेढीचे खाते आहे, दवाखान्याची नोंद आहे, घरातल्या तीन पिढ्यांची छायाचित्रे आहेत, तेथे पाच-दहा टक्क्यांच्या वेगासाठी एकही अंक पणाला लावणे आम्हाला मान्य नाही. अशा यंत्राची नुसती प्रत काढून ठेवल्याने भागते असेही नाही, कारण चुकलेल्या मजकुराची प्रतही चुकलेलीच निघते.

कारखान्याने राखलेल्या अंतराचा दुसराही एक उपयोग आहे, आणि आपल्या हवेत तोच अधिक कामाचा. ठोका आहे तसाच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवावयाचे. वर्गाचा तोच नियम आता आपल्या बाजूने काम करतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उष्णता सुमारे एकोणीस टक्क्यांनी उतरते, पंखा हळू फिरतो, विजेचे बिलही थोडे कमी येते. सगळ्याच यंत्रांत ही मुभा नसते, आणि जेथे असते तेथेही दर खेपेस अगदी थोडे थोडे उतरवावे लागते. परीक्षा मात्र येथेही तीच. रात्रभर मेमरी तपासावी, दुसऱ्या दिवशी प्रोसेसर, आणि एक जरी चूक दिसली तरी मागच्या आकड्यावर परत जावे. ही परीक्षा शक्यतो याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, दुपारी खिडक्या उघड्या ठेवून घ्यावी. पौषात उत्तीर्ण झालेली यंत्रे वैशाखात नापास होतात.